वच्छलाच्या नावाचं रक्त

केशोरीच्या वच्छलाबाईंच्या पोटात काहीही सापडलं नाही, आणि त्यामुळे नागपूरच्या एका प्रयोगशाळेतली शिकलीसवरली माणसं दोन महिने वैतागून होती. बाई धडधाकट निघाली की डॉक्टरांनी खूश व्हावं, एवढी साधी अपेक्षा जगाची असते. इथे सगळं उलटं झालं होतं. वच्छलाबाईंचं रक्त ओरडून सांगत होतं की या बाईला अंडाशयाचा कर्करोग असणार, आणि बाई तर कमरेला पदर खोचून धानाचे भारे उचलत होत्या.

सगळ्यात जास्त वैतागली होती रुची रहांगडाले. रुची गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीची. वडिलांची धानाची शेती, आई सावित्रीबाई स्वतः बांधीत, म्हणजे भातखाचरात, उतरणारी. रुची मात्र शिकली, नागपूरला गेली आणि या संशोधन प्रकल्पात गावोगावी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायच्या कामावर लागली. काम तिने मन लावून केलं होतं. नळीवर चिठ्ठी लावताना ती दोनदा वाचायची, बर्फाचा डबा स्वतःच्या पायाशी ठेवून प्रवास करायची. आपल्या हातून घोटाळा होणार नाही याची तिला खात्री होती, आणि अशी खात्री असलेल्या माणसाच्या हातूनच घोटाळे व्हायचे असतात.

प्रकल्प होता अंडाशयाच्या कर्करोगाची नवी तपासणी शोधण्याचा. हा रोग मोठा लबाड. पोट जरा फुगतं, भूक मरते, दोन घास खाल्ले की जेवण नको होतं. बाई म्हणते गॅस झाला, आणि ओवा चावून कामाला लागते. खरं कळतं तेव्हा रोग पोटभर पसरलेला असतो. जुनी रक्तचाचणी आहे, पण ती कधी उगाच घाबरवते आणि कधी रोग असून मुकाट बसते. म्हणून प्रकल्पाचे प्रमुख डॉ. उमेंद्र बिसेन आणि त्यांच्या माणसांनी रक्तातली चार वेगवेगळी प्रथिनं एकत्र मोजून त्यांचा मिळून एक आकडा काढायची पद्धत बसवली होती. जोडीला सोनोग्राफीचं नवं तंत्र होतं. माणसाच्या नजरेतून निसटणाऱ्या बारीक सावल्या त्यात संगणक टिपायचा. आकडा जास्त आला की सोनोग्राफी, त्यात सावली दिसली की पुढचा इलाज.

आता ही पद्धत खरी की खोटी, हे फक्त दवाखान्यातल्या आजारी बायकांवरून ठरत नाही. काहीच त्रास नसलेल्या बायकाही तपासाव्या लागतात. त्यासाठी गावं निवडली होती आणि गावातल्या पंचेचाळिशीपुढच्या बायकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. जिचं नाव निघेल तिचंच रक्त घ्यायचं. आपल्या मर्जीने कोणी घ्यायची नाही, कोणी सोडायची नाही. केशोरीत निघालेल्या नावांत एक नाव वच्छलाबाईंचं होतं.

शिबिर झालं आषाढात, शाळेच्या एका खोलीत. धानाची रोपं लावायची रोवणी ऐन भरात होती. गावातल्या आरोग्यसेविका आशाताई बायकांना ओळखायला सोबत बसणार होत्या, पण त्यांना सकाळीच एका बाळंतिणीला घेऊन अर्जुनीला जावं लागलं. रुचीचं काही अडलं नाही. बायका चिखलाच्या पायांनी येत होत्या, आधार कार्ड दाखवत होत्या, हात पुढे करत होत्या. आधार कार्डावरच्या फोटोत माणूस ओळखू येत नाही, हे देशातल्या सगळ्यांना माहीत आहे. रुची नंबर बघायची, नाव बघायची आणि सुई टोचायची. संध्याकाळी डबा भरून ती नागपूरला निघाली तेव्हा दिवस सार्थकी लागल्यासारखं तिला वाटत होतं.

महिन्याभराने वच्छलाबाईंच्या नावापुढे जो आकडा आला, तो पाहून डॉ. बिसेन खुर्चीतून उठले. गावातल्या कुठल्याच बाईचा एवढा आकडा आला नव्हता. लगेच गाडी पाठवून वच्छलाबाईंना नागपूरला आणलं. सोबत त्यांचे यजमान कवडूभाऊ, पांढरा शर्ट घालून, तोंड पाडून. नव्या यंत्रावर सोनोग्राफी झाली, जुन्यावर झाली, वरून सीटी स्कॅनही झाला. दोन्ही अंडाशय साफ. आता राहिलं पुन्हा रक्त घेणं. सुई बघताच वच्छलाबाईंनी डोळे गच्च मिटले आणि कवडूभाऊंचा हात असा काही पिळला की घाम त्यांनाच फुटला. त्या रक्ताचा आकडा आला अगदी साधा, कोणत्याही निरोगी बाईचा असतो तसा.

म्हणजे पहिलं रक्त वच्छलाबाईंचं नव्हतंच, असं रुचीच्या मनात आलं. नळ्यांची अदलाबदल झाली असणार. म्हणजे त्या दिवशी शाळेच्या खोलीत आलेल्या बायकांपैकी कुणा एकीला हा रोग आहे, आणि तिला आपण निरोगी ठरवून घरी बसवलं आहे. तिने डॉ. बिसेनांना स्पष्ट सांगितलं की चूक माझी असू शकते, त्या दिवशीच्या सगळ्यांचं रक्त पुन्हा घेऊ या. बिसेन सरांनी थोडी कुरकुर केली, पण परवानगी दिली. या खेपेला आशाताई जातीने हजर होत्या आणि एकेकीला नावानिशी ओळखून आत सोडत होत्या. सगळ्यांचं रक्त पुन्हा आलं, पुन्हा मोजलं गेलं. सगळे आकडे साधे. एकही जास्त नाही.

आता मात्र सगळ्यांनी हात टेकले. रोगी रक्त आहे, पण त्या रक्ताची बाई त्या खोलीतल्या बायकांत नाही. मग रक्त काय आभाळातून पडलं? बैठकीत बिसेन सर थकल्या आवाजात म्हणाले की चाचणीच चुकली, दुसरं काही नाही. यंत्राने एकदा खोटा आकडा दिला. तो चाचणीचा दोष म्हणून लिहायचा आणि पुढे जायचं. त्यात त्यांचंही मन दुखावलं होतं, कारण चाचणी त्यांचं हयातभराचं काम होतं. पण ते सरळ माणूस होते. दोष लपवायचा नाही, हे त्यांनी बैठक उठायच्या आधी दोनदा सांगितलं.

रुचीला हे पटेना. त्या नळीतलं रक्त तिने परत मोजायला लावलं होतं, आणि तोच मोठा आकडा पुन्हा आला होता. यंत्र एकदा चुकेल, दोनदा तीच चूक कशी करेल? ते रक्त कोणाच्या तरी अंगातून तिने स्वतः काढलं होतं. ती बाई कुठेतरी जेवत होती, झोपत होती, पोटाला तडस लागली म्हणून ओवा चावत होती. रुचीला जेवण गोड लागेना. शेवटी दिवाळीच्या सुटीत मुर्रीला आलेली असताना, आईला काहीतरी थातूरमातूर सांगून ती केशोरीच्या वाटेला लागली.

धान कापणी सुरू होती. वच्छलाबाई घरी नव्हत्या. शेजारणीने बांधीकडे बोट दाखवलं, तशी रुची धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालत तिकडे गेली. वच्छलाबाई धुऱ्यावरच बसल्या होत्या, पायात काटा मोडला होता तो सुईने काढत. सुई स्वतःच्या हातात असली की त्यांना भीती वाटत नव्हती. रुचीला पाहून त्यांचा चेहरा पडला. आता आणखी रक्त का, असं त्यांनी आधीच विचारून टाकलं. रुची हसून नाही म्हणाली आणि बाजूला टेकली.

समोर बांधीत बायकांची टोळी कापणीला उभी राहत होती. टोळीची पुढारीण देवकाबाई, साठीला टेकलेली विधवा, हाडाने मजबूत, आवाजाने त्याहून मजबूत. ती एकेक नाव घेऊन बायकांना रांगेत लावत होती. बोलता बोलता तिने पुकारलं, "वच्छला!" आणि रांगेतून एक तरणी मुलगी विळा घेऊन पुढे झाली, "आली," म्हणाली आणि जागेवर उभी राहिली. ती वच्छलाबाईंची सून रिंकू होती.

रुचीने बाजूला बसलेल्या वच्छलाबाईंकडे पाहिलं, मग समोर उभ्या असलेल्या वच्छलाकडे पाहिलं. तिने विचारलं की मावशी, तुम्ही तर इथे बसल्या आहात.

वच्छलाबाईंना त्यात विचारण्यासारखं काही दिसलं नाही. पायात काटा आहे म्हणून सून बदलीवर गेली, एवढंच. टोळीत नाव घराचं असतं. आज मी नाही तर सून, सून नाही तर शेजारीण. जिची तिची पाळी भरली म्हणजे झालं. उद्या तिच्या घरची पाळी आली की आपण जायचं. यात कोणी कोणाला फसवत नाही, आणि मालकही विचारत नाही.

रुचीला हे सगळं माहीत होतं. तिची आई हेच करत आली होती. लहानपणी रुची स्वतः काकूच्या नावावर रोवणीला उभी राहिली होती आणि दिवसभर काकूच्या नावाला ओ देत होती. पण नागपूरला गेल्यावर तिच्या डोक्यात नळ्या, नंबर आणि कार्डं एवढी भरली, की गावात नाव आणि माणूस या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात हे ती साफ विसरली. तिला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

तिने आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. "मावशी, आषाढात शाळेत रक्त द्यायले तुमच्या बदलीवर कोण आली होती?"

 काटा निघाला होता, तरी वच्छलाबाई पाय चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "केस-गिस तं नाय होत ना मॅडम?"

रुचीने सांगितलं की काही होणार नाही.

"मी सुईले लय भेतो. लहानपनापासून. मंग म्या म्हटलं, माह्यं कार्ड घे, माह्यी पाळी तू भरून दे, मी तुह्या घरच्या रोवणीत एक दिवस जास्तीचा करून देतो." वच्छलाबाईंनी मान वर करून बांधीकडे पाहिलं. "ते का, ते उभी हाये ना. देवकाबाई."

देवकाबाई तेवढ्यात कुणा पोरीला कापणी खालून घे म्हणून दरडावत होती. एक हात विळ्यावर होता आणि दुसरा, बहुधा तिच्या ध्यानीही नसताना, बेंबीच्या खाली दाबून धरलेला होता. रुची बघतच राहिली. देवकाबाईचं नाव चिठ्ठीत निघालंच नव्हतं. शिबिरातल्या सगळ्या बायकांचं रक्त दहादा घेतलं असतं तरी ही बाई सापडली नसती.

रुचीने तिथूनच बिसेन सरांना फोन लावला.  एका शिबिरात एक बदली झाली म्हणजे आणखीही झाल्या असणार, आणि मग केशोरीचं सगळं काम पाण्यात, हे त्यांना सांगावं लागलं नाही. पहिल्यांदा ते चिडलेच. कार्ड बघून काय उपयोग, माणूस बघायला नको का, असं खूप काही बोलले, आणि रुचीने सगळं ऐकून घेतलं, कारण त्यातलं काही खोटं नव्हतं. मग त्यांचा आवाज बदलला. आधी त्या बाईंना घेऊन या, म्हणाले. बाकीचं नंतर बघू.

सांगायला ते सोपं होतं. संध्याकाळी रुची देवकाबाईच्या अंगणात बसली तेव्हा देवकाबाईने तिला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि एका वाक्यात निकाल लावला. जायचं नाही. कापणी अर्धी पडली आहे. शिवाय तिच्याजवळ बिनतोड मुद्दा होता.

"मी गेली होती वच्छलाच्या नावानं. त्या नावाची तपासनी झाली, साफ निघाली. मंग मी कायले जाऊ?"

रुचीने पुष्कळ समजावलं. रक्त तुमचं आहे, नाव काहीही असो. पोटात दुखतं का, जेवण कमी झालं का, असं विचारलं. देवकाबाईने गॅस होतो एवढं कबूल केलं आणि वर ओवा खाल्ला की बरं वाटतं अशी माहिती दिली. ती घाबरली होती हे उघड दिसत होतं, पण घाबरली असं म्हणवून घ्यायची तिला सवय नव्हती. तिचा नवरा गेला तेव्हाही ती आठव्या दिवशी बांधीत उतरली होती, आणि गावात अजून लोक ते कौतुकाने सांगत.

वच्छलाबाई आतापर्यंत दाराला टेकून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि देवकाबाईच्या समोर उकिडव्या बसल्या. त्यांना रडू येत होतं आणि ते त्या लपवत नव्हत्या.

"यात बदली नाय चालत बाई," त्या म्हणाल्या. "चालली असती तं मीच गेली असती. मी त्या मशीनीत जाऊन आली ना. तुह्या जागी जाऊन आली मी, तरी तुह्यं दुखनं काई माह्या पोटात दिसलं नाही. आता तुलेच जावं लागते."

 देवकाबाईने उद्या टोळी कोण लावेल, एवढंच विचारलं. वच्छलाबाई म्हणाल्या, मी लावते. तुझ्यासारखा आवाज नाही माझा, पण लावते.

नागपूरला जुन्या सोनोग्राफीत काही धड दिसलं नाही. नव्या यंत्राने डाव्या अंडाशयावर एक बारीकशी सावली दाखवली. शस्त्रक्रिया झाली. रोग होता, आणि अजून अंडाशयाच्या बाहेर पडलेला नव्हता. इतक्या लवकर हा रोग हाती लागणं म्हणजे काय, हे डॉक्टरांना माहीत होतं. शस्त्रक्रिया करणाऱ्या बाई बाहेर आल्या, आणि एरवी कधी हसायच्या नाहीत त्या हसल्या. बिसेन सरांनी रुचीच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे निघून गेले. त्या दिवशी रुची पोटभर जेवली.

आनंद फार दिवस टिकला नाही. अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा नियम आडवे आले. ज्या बाईचं नाव चिठ्ठीत नाही, जिची परवानगी नाही, जिचं रक्त दुसरीच्या नावाने आलं, तो नमुना मोजायचा नाही. केशोरीच्या शिबिरात आणखी काही बदल्या निघाल्या, तेव्हा ते अख्खं शिबिरच वगळलं. चाचणीने आजवर पकडलेला सगळ्यात लहान रोग चाचणीच्या हिशेबात कुठेच दिसणार नव्हता. रुची बिसेन सरांशी भांडली. सरांनी तिला थांबवलं नाही, पण नियमही मोडला नाही. आपल्याला हवं तेवढंच मोजायचं ठरवलं तर उद्या आपल्या आकड्यावर कोण विश्वास ठेवील, असं त्यांनी विचारलं.  पुढच्या शिबिरांत आधी ओळख पटवायची, मगच हात पुढे घ्यायचा, अशी नवी शिस्त रुचीनेच लिहून दिली. बदलीवर आलेली बाई दारातूनच परत जाईल अशी पक्की व्यवस्था केली, आणि सरांनी ती वाचून मान डोलावली.

पौषात रुची केशोरीला गेली. देवकाबाई अंगणात उन्हाला बसली होती. वाळली होती, पण आवाज होता तसाच होता. वच्छलाबाई तिच्यासाठी भाकर घेऊन आल्या होत्या आणि अर्ध्या भाकरीवरून दोघींचं चाललं होतं. रुची माफी मागायला आली होती. तिने सगळं सरळ सांगितलं. माझ्या निष्काळजीपणामुळे तुमचे इतके महिने गेले. मी त्या दिवशी नीट ओळख पटवली असती तर हा घोटाळा झालाच नसता. आता आम्ही शिस्त लावली आहे, पुढे कुठल्याच गावात असं होणार नाही.

देवकाबाईने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. कोणाचं नाव निघतं, कोणाचं नाही, हे कसं ठरतं ते तिने रुचीकडून पुन्हा एकदा समजून घेतलं. रुचीने चिठ्ठ्यांचं सगळं सांगितलं.

"म्हनजे माह्यं नाव नोतंच निघालं."

"नाही."

"आनि तू त्या दिवशी नीट पायलं असतं, तं मले दारातूनच वापस पाठवलं असतं."

"हो."

"मंग पोरी, तू तुह्यं काम नीट केलं असतं तं मी मेली असती," देवकाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त नीट समजून घेत होती. "माफी कायची मागून राहिली? ज्या बाया आता दारातून वापस जातीन, त्याहिचं काय करशील ते सांग."

वच्छलाबाईंनी भाकरीचा उरलेला अर्धा तुकडा देवकाबाईच्या ताटात ठेवला. रुची चहा हातात धरून तशीच बसून राहिली.